जुनी चांदी निघाल्यावर : दाढ पुन्हा कशी बांधावी?

स्मरणिकेसाठी घरोघरी उपयोगी पडेल असे काही तरी लिहा, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम एक प्रश्न उभा राहिला. तो आमच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतील एक मावशी गेल्या वर्षी रुमालात गुंडाळलेला एक काळपट तुकडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, फुटाणे खाताना दाढेतली चांदी निघाली. तेवढी परत बसवून द्या, म्हणजे मी घरी जाते."

मावशींना हे काम भिंतीचा खिळा पुन्हा ठोकण्याइतके सोपे वाटत होते. पण जुने भरण निघाले की आतली दाढ पूर्वीची राहिलेली नसते. राजघाटाच्या पायऱ्यांचा चुना सुटला तर चांगला गवंडी लगेच नवा चुना थापीत नाही. तो आधी दगड हलवून पाहतो, फट कुठवर गेली आहे ते पाहतो, पाणी कोठून शिरते ते पाहतो आणि मगच मसाला कालवतो. दाढेचेही तसेच आहे. म्हणून जुने भरण काढल्यावर काय पाहावे, कोणते मार्ग मोकळे असतात आणि त्यांतून निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. मावशींच्या दाढेचे पुढे काय झाले, तेही ओघात सांगू.

दाढेची घडण

प्रौढ माणसाच्या तोंडात पूर्ण संख्येने बत्तीस दात असतात. त्यांपैकी बारा दाढा. यांतील पहिली दाढ साधारणपणे सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. त्यामुळे पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती तोंडात सर्वांत आधी येते, म्हणून बहुधा सर्वांत आधी किडते आणि तिच्यातच सर्वांत जुने भरण सापडते. आपल्या बऱ्हाणपुरात मावा जिलेबी आणि दराबा यांची चव लहानपणीच लागत असल्यामुळे या दाढेची परीक्षा जरा लवकरच सुरू होते, एवढेच!

दाढेच्या वरचा थर इनॅमलचा. शरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही, पण तो ठिसूळ असतो. त्याखाली पिवळसर, किंचित लवचीक असा डेंटीनचा थर असतो. हा थर खालून टेकू देतो म्हणूनच इनॅमल टिकते. अगदी आत मज्जा असते, तिलाच आपण बोलीत 'नस' म्हणतो. दाढेच्या माथ्यावर चार-पाच उंचवटे आणि त्यांमधून खाचा असतात. घास चावताना हे उंचवटे एकमेकांपासून बाहेर फाकू पाहतात. त्यांना बांधून ठेवण्याचे काम दाढेच्या मधला भाग आणि पुढच्या-मागच्या दोन कडा करतात. टोपलीचा काठ शाबूत असला की टोपली ताठ राहते, काठ तुटला की ती पसरते. ही उपमा वाचकांनी ध्यानी ठेवावी, पुढील बहुतेक निर्णय तिच्यावरच अवलंबून आहेत.

१९८९ साली रीह, मेसर व डग्लस या संशोधकांनी काढलेल्या वरच्या उपदाढांवर दाब देऊन हीच गोष्ट मोजून दाखविली. केवळ माथ्यावर खड्डा केला तर दाताचा ताठरपणा सुमारे २० टक्के कमी झाला. पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा तोडून मधून आरपार खड्डा केला, तेव्हा तो सुमारे ६३ टक्के कमी झाला. याउलट रूट कॅनालसाठी जी वाट पाडावी लागते, तेवढ्याने केवळ ५ टक्क्यांचीच घट झाली. 'रूट कॅनालने दात कमकुवत होतो' असे लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा दात कमकुवत झालेला असतो तो त्याआधीची कीड, जुने भरण आणि तुटलेल्या कडा यांमुळे.

ही 'चांदी' म्हणजे काय?

लोक जिला चांदी म्हणतात ती निव्वळ चांदी नव्हे. चांदी, कथील व तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेला तो गोळा असतो आणि वजनाने त्याचा निम्म्याच्या आसपास भाग पारा असतो. पॅरिसमध्ये तावो या दंतवैद्याने १८२६ च्या सुमारास असे मिश्रण वापरात आणले. १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी ते अमेरिकेत नेले आणि तेथे त्यावर एवढा वाद माजला की दंतवैद्यांच्या एका संस्थेने आपल्या सभासदांकडून ते न वापरण्याची शपथ घेवविली. पुढे ती संस्था मोडली, मिश्रण मात्र टिकले. १८९५ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी त्याचे प्रमाण शास्त्रशुद्ध बसविले आणि त्यानंतर सुमारे शंभर वर्षे जगभर दाढा त्यानेच भरल्या गेल्या. स्वस्त, टणक आणि थोड्या ओलाव्यातही बसणारे असे दुसरे काही नव्हते. अनेकांच्या तोंडात तीस-तीस वर्षे टिकलेली चांदी आम्ही पाहिली आहे. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु तिच्यात एक उणीव होती. ती दाताला चिकटत नाही. म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद करावा लागे, म्हणजे भरण निसटू नये. त्यासाठी पुष्कळदा निरोगी दातही कोरावा लागे. शिवाय न चिकटल्यामुळे ती उंचवट्यांना धरून ठेवीत नाही, पाचरीसारखी मध्ये बसून राहते. वर्षानुवर्षांच्या चावण्याने उंचवट्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. आज जुनी चांदी काढल्यावर जे आढळते त्याचे मूळ हे आहे.

पाऱ्याविषयी लोकांच्या मनात भीती असते, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. शाबूत, कडा न सुटलेली आणि त्रास न देणारी जुनी चांदी केवळ भीतीपोटी उपटून काढू नये. काढतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि दाताचाही थोडा भाग जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२० साली असाच सल्ला दिला, आणि त्याबरोबरच गरोदर व स्तनदा स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे रोगी यांनी नवी चांदी शक्यतो भरून घेऊ नये असेही सांगितले. जपानमधील मिनामाता गावी कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांत आला आणि १९५६ साली त्या भीषण रोगाची नोंद झाली. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद सोडून दातांत चांदी भरणे बंद केले. मिनामाता कराराच्या सभासद राष्ट्रांनी २०२५ च्या नोव्हेंबरात २०३४ पर्यंत ती सर्वत्र बंद करण्याचे ठरविले. म्हणजे निघालेल्या चांदीच्या जागी पुन्हा चांदीच भरण्याचा मार्ग आता मिटत चालला आहे.

आपल्या गावापुरते पाहिले तर या गोष्टीस आणखी एक बाजू आहे. काढलेल्या चांदीचा चुरा मोरीत सोडला तर मोरीचे पाणी शेवटी ताप्तीलाच मिळते. ज्या घाटावर आपण अर्घ्य देतो त्याच पाण्यात आपल्या दाढेचा पारा जाऊ नये, यासाठी चुरा गाळून झाकणाच्या बाटलीत साठविणे आणि घातक कचरा म्हणून वेगळा देणे हे दंतवैद्याचे कर्तव्य आहे. रोग्यानेही हे विचारण्यास संकोचू नये. मावशींच्या रुमालातला तुकडाही आम्ही त्याच बाटलीत टाकला.

आधी पाहणी, मग निवड

जुने भरण निघाल्यावर सहा गोष्टी पाहाव्या लागतात. त्या पाहिल्यावाचून जो लगेच 'कॅप लागेल' म्हणतो किंवा लगेच 'भरून टाकू' म्हणतो, तो दोन्ही वेळा अंदाजानेच बोलतो.

पहिली गोष्ट, नस जिवंत आहे का? थंड लावल्यावर कळ उठून दोन-चार सेकंदांत विरली, तर नस सामान्यतः ठीक असते. कळ रेंगाळली, आपोआप ठणका लागला, रात्री झोपेतून उठविले, तर नस वाचण्याची आशा थोडी. काहीच कळले नाही, तर ती बहुधा मेलेली असते. क्ष-किरण चित्र काढून मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का तेही पाहावे.

दुसरी, कीड किती उरली आहे? चांदीखालचा काळा रंग ही प्रत्येक वेळी कीड नसते, धातूचा डागही असतो. रंगावर न जाता हाताने चाचपून पाहावे. मऊ ते किडके, टणक ते चांगले. कडेची कीड पूर्ण काढावी, पण नसेच्या अगदी जवळ थोडा चामड्यासारखा चिवट थर राहिला तर नस उघडी पाडण्यापेक्षा तो तसाच ठेवून वरून घट्ट बंद करावा, असे २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकमताने सुचविले आहे. बाहेरून अन्न मिळाले नाही की आतली कीड उपाशी राहून थांबते.

तिसरी, भिंती किती जाड उरल्या? हे डोळ्यांनी नव्हे, मापाने पाहावे. जिवंत दाढेच्या उंचवट्याची भिंत तळाशी दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर ती उघडी ठेवणे धोक्याचे. रूट कॅनाल झालेल्या दाढेत, विशेषतः कडा तुटलेल्या असतील तर, उंचवटे झाकणेच शहाणपणाचे.

चौथी, चीर आहे का? चावताना, आणि त्याहून चावा सोडताना, क्षणभर सणक येत असेल तर चिरेचा संशय धरावा. एकेका उंचवट्यावर लहान काडी ठेवून चावावयास सांगितले की दोषी उंचवटा सापडतो. चीर उंचवट्याच्या बुडापर्यंतच असेल तर दाढ वाचते. मुळात उतरली असेल तर बहुधा वाचत नाही.

पाचवी, खड्ड्याची कड कोठे आहे? ती हिरडीच्या वर आणि इनॅमलवर असेल तर चिकटवून करावयाची सर्व कामे चांगली होतात. हिरडीखाली खोल गेली असेल तर तेथे रक्त व लाळ येते आणि चिकटविण्याचे काम फसते.

सहावी, त्या दाढेवर भार किती? रात्री दात खाणारा, सुपारी फोडणारा किंवा दुसऱ्या बाजूच्या दाढा गेलेला माणूस एकाच दाढेकडून दोघींचे काम करून घेत असतो.

मार्ग कोणकोणते?

लहान खड्डा, जाड भिंती, कोरडी जागा, अशी स्थिती असेल तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट हा उत्तम मार्ग आहे. १९५५ साली अमेरिकेत बुओनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत केले की त्यावर रेझिन चिकटते हे दाखविले. १९६२ मध्ये बोवेन यांना नव्या रेझिनचे एकस्व मिळाले. आजचे कॉम्पोझिट याच दोन शोधांची संतती आहे. ते दाताला चिकटते, म्हणून निरोगी भाग कोरावा लागत नाही आणि काम एकाच बैठकीत होते. मात्र घट्ट होताना ते दोन-तीन टक्के आकसते, म्हणून दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरावे लागते. ओलावा त्याला मुळीच चालत नाही. म्हणून दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, तो १८६४ साली बार्नम नावाच्या दंतवैद्याने शोधला. डॉक्टरांनी तो पडदा लावला तर रोग्याने कंटाळू नये, तो त्याच्याच हिताचा आहे.

आणखी एक घरगुती गोष्ट. दाढ दुखली की आपल्याकडे लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात. त्याने तात्पुरता आराम पडतो हे खरे, परंतु त्या तेलातील युजेनॉल कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही. तेव्हा बोळा ठेवला असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे, म्हणजे ते जागा साफ करून घेतील.

जेथे कोरडेपणा राखणे कठीण, कड हिरडीखाली किंवा वाट पाहावयाची असेल, तेथे ग्लास आयोनोमर सिमेंट उपयोगी पडते. विल्सन व केंट यांनी लंडनमध्ये ते तयार करून १९७२ साली प्रसिद्ध केले. ते दाताला स्वतः चिकटते आणि फ्लोराइड सोडीत राहते. पण चावण्याच्या भाराखाली ते झिजते, म्हणून मोठ्या दाढेचा माथा कायमचा त्याच्या भरवशावर सोडू नये.

भिंती पातळ पण दाढेचा परीघ शाबूत असेल तर ऑनले हा मधला मार्ग येतो. यात कमकुवत उंचवटे दीड-दोन मिलिमीटर खाली घेऊन त्यांवर धातूचे किंवा चिनी मातीच्या जातीचे झाकण बसवितात. दाढेच्या बाजू तशाच राहतात. टोपलीचा तुटका काठ नव्याने बांधावा, तसे हे काम आहे.

दाढेच्या बाजूही मोडल्या असतील, कड सर्वत्र खाली गेली असेल किंवा रूट कॅनाल होऊन फारच थोडे उरले असेल, तेव्हा पूर्ण टोपी म्हणजे कॅप लागते. ती भक्कम असते, पण तिची किंमत केवळ रुपयांत मोजू नये. २००२ साली एडेलहॉफ व सोरेन्सन यांनी वजन करून दाखविले की पूर्ण टोपीसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग घासला जातो. घासलेला दात पुन्हा उगवत नाही. शिवाय टोपीच्या बुडाशी चांगल्या दाताची निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची पट्टी सभोवार उरली पाहिजे. बादलीस कडे घट्ट बसावे, तशी टोपी त्या पट्टीवर बसते. पट्टी नसेल तर सुंदर टोपीही दातासकट निखळते.

आणि शेवटचा मार्ग काढून टाकण्याचा. तोही कधी योग्य असतो. पण तो पहिला मार्ग नव्हे, हे मात्र प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे.

आमची एक चूक

शास्त्र सांगताना स्वतःची चूक झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी पॉवरलूमवर काम करणारे एक गृहस्थ अशीच जुनी चांदी निघाली म्हणून आले होते. पुढची-मागची दोन्ही कडा गेलेल्या, जिभेकडची भिंत जेमतेम एक मिलिमीटर. त्यांना पाळी बुडवणे परवडणारे नव्हते. "एका बैठकीत होईल तेच करा, भाऊ," म्हणाले. आम्हीही भिंती तशाच उभ्या ठेवून मध्ये कॉम्पोझिट भरले. रंग असा जुळला की आमचे आम्हांलाच कौतुक वाटले. सहा महिन्यांनी ते गालाला हात लावून परत आले. चीर भिंतीतून थेट मुळात उतरली होती. दाढ काढावी लागली.

त्या दिवशी कॉम्पोझिट वापरले ही चूक नव्हती, भिंत झाकली नाही ही चूक होती. त्याच बैठकीत, त्याच पदार्थाने, ती भिंत दोन मिलिमीटर उतरवून वरून झाकता आली असती. पदार्थ कोणता याची चर्चा लोक फार करतात, पण दाढ वाचते ती आकाराने. ही शिकवण आम्हांला त्या गृहस्थांच्या दाढेच्या मोलाने मिळाली, म्हणून ती येथे लिहून ठेवतो.

मावशींची दाढ

आता मावशींकडे वळू. खालची डावी पहिली दाढ, भरण लग्नाआधीचे. थंड लावले तर कळ येऊन लगेच विरे, म्हणजे नस जिवंत. मागची कड तुटलेली. जिभेकडच्या मागच्या उंचवट्याची भिंत दीड मिलिमीटरहून कमी आणि तिच्या बुडाशी एक चीर. काडी ठेवून चावावयास सांगितले तर सोडताना त्या "आई गं!" म्हणाल्या. तळाशी नसेजवळ चिवट थर. कड मात्र सगळीकडे हिरडीच्या वर. त्या दाढेच्या शेजारची दाढ मागेच काढलेली होती, म्हणून हीही गेली असती तर डाव्या बाजूने चावणे जवळजवळ संपलेच असते.

बरोबर आलेला मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आईच्या या वयाला इतका खटाटोप कशाला? काढून टाका." मावशी काही बोलल्या नाहीत. आम्ही त्यांनाच विचारले. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेजारची काढली तेव्हाही हेच म्हणाले होते. तेव्हापासून ज्वारीची भाकरी मी वरणात कुस्करून खाते. ही ठेवता येईल का?"

आम्ही त्यांना आणि मुलाला आरसा हातात देऊन दाढ दाखविली. आज काय करता येईल आणि पुढे काय करावे लागेल हे खर्चासह सांगितले. नस रुसली तर रूट कॅनाल लागेल हेही लपविले नाही. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग आधी आजचे करा. पुढचे तीन महिन्यांत बघू."

त्या दिवशी कडेची कीड पूर्ण काढली, नसेजवळचा चिवट थर ठेवला, त्यावर ग्लास आयोनोमर घातले, चिरलेला उंचवटा आणि त्याच्या शेजारचा उंचवटा दोन मिलिमीटर उतरविले आणि कॉम्पोझिटने झाकले. हे तात्पुरते असले तरी निष्काळजीपणे केलेले नव्हते. चिरलेला भाग बांधला गेला आणि नसेला विसावा घेण्यास वेळ मिळाला.

तीन महिन्यांनी मावशी आल्या, सणक गेलेली होती. नस थंडीला पूर्वीसारखेच उत्तर देत होती, चित्रात सावली नव्हती. आता ऑनले धातूचा की पांढरा? मावशी हसून म्हणाल्या, "मला काय, धातूचा चालेल. दिसणार कोणाला? माझ्या जिभेलाच!" धातूचा स्वस्त पडतो आणि पातळ असूनही टिकतो, म्हणून आम्हीही होकार देणार होतो. पण विचारता विचारता कळले की बाजारचे खोटे कानातले घातले की त्यांचे कान खाजून चिघळतात. स्वस्त धातूंत पुष्कळदा निकेल असते आणि अशी खाज बहुधा त्याचीच असते. सोने परवडणारे नव्हते. तेव्हा पांढऱ्या सिरॅमिकचा ऑनले केला. कड सर्वत्र इनॅमलवर असल्यामुळे तो चिकटविण्यास अडचण पडली नाही. पूर्ण टोपी केली असती तर दाढेच्या ज्या तीन बाजू अजून धडधाकट होत्या, त्याही घासून टाकाव्या लागल्या असत्या.

एकीच्या दाढेस जे योग्य ते सर्वांस योग्य, असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. मावशींची नस मेलेली असती, कड हिरडीखाली असती किंवा चीर मुळात असती, तर आमचे उत्तर निराळे झाले असते.

वाचकांनी काय करावे?

भरण निघाले की त्या दाढेने चावू नये आणि शक्य तितक्या लवकर दाखवावे. उघडी भिंत एका घासाने फुटते. निघालेला तुकडा गिळू नये, बरोबर घेऊन यावा. खुर्चीवर बसल्यावर चार प्रश्न निःसंकोच विचारावे : नस जिवंत आहे का? सर्वांत पातळ भिंत किती जाड आहे? चीर कोठवर आहे? आणि जो मार्ग सांगता त्याने माझ्या दाढेचा किती भाग जाईल? आरशात किंवा छायाचित्रात खड्डा दाखविण्याची विनंती करावी. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, त्याचे काम सोपे होते.

'तात्पुरते' म्हणून भरलेले भरण वर्षभर चालवू नये. ते गळू लागले की खाली कीड पुन्हा सुरू होते आणि वेदना होत नाहीत म्हणून कळतही नाही. नव्या भरणानंतर थंड-गरम थोडे दिवस लागते, त्याने घाबरू नये. पण चावताना एखादा भाग आधी टेकतो असे वाटले तर दुसऱ्याच दिवशी येऊन घासून घ्यावा.

आणि शेवटी रोजची निगा. बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास खानखानांच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा ज्यांनी आत उतरून पाहिला आहे, त्यांना भुयाराच्या भिंतींवर साचलेले चुन्याचे जाड थर आठवतील. पाणी स्वच्छ असूनही साठवण होतेच. लाळेतून दातांवर तसेच किटण चढते, आणि नव्या भरणाच्या कडेला अडकलेला मळ त्याच्याहून घातक. फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा, त्यांत एकदा झोपण्यापूर्वी, दात घासावे. दोन दाढांमधील फट दोऱ्याने किंवा बारीक ब्रशाने साफ करावी. गोड खावयाचे तर जेवणाबरोबर खावे, दिवसभर चघळत राहू नये. वर्षातून एकदा दाखवून घ्यावे. निमाडातील मंडळींना पूर्वी दाताच्या मोठ्या कामासाठी मुंबईच्या नायर रुग्णालयापर्यंत जावे लागे. तेथील दंत महाविद्यालय १९३३ सालचे. पुढे १९६१ साली इंदूरला सरकारी दंत महाविद्यालय निघाले आणि वाट जवळ आली. तरीही सर्वांत जवळची वाट म्हणजे वेळीच आरशात पाहण्याची.

परवा संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर मावशी भेटल्या. नातवाला घेऊन बसल्या होत्या आणि कणीस खात होत्या. आम्हांला पाहताच त्यांनी कणीस पदराआड लपविले आणि लगेच हसून पुन्हा बाहेर काढले. "डाव्याच बाजूने खाते आहे, डॉक्टरसाहेब," म्हणाल्या. आम्ही नातवाला तोंड उघडावयास सांगितले. सहा वर्षे सरली होती आणि दुधाच्या दातांमागे चारही बाजूंना पहिल्या दाढा नुकत्याच वर आल्या होत्या, पांढऱ्या, कोऱ्या, खोल खाचांच्या. त्या खाचा वेळीच बुजवून घेतल्या तर त्याच्या दाढेत कधी काही भरावेही लागणार नाही आणि काढावेही लागणार नाही. येत्या सोमवारी त्याला आणा, एवढे सांगून आम्ही पायऱ्या चढू लागलो.